जुनं टेलव्हील विमान विकत घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विमान घ्यायचं मनावर घेतलेली माणसं फिरून फिरून हेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. इथे बोलणं आहे ते एका इंजिनाच्या, शेपटीखाली चाक असलेल्या, आणि बहुतेक वेळा खरेदीदारापेक्षा वयाने मोठ्या असलेल्या विमानांबद्दल.

टेलव्हील विमान उडवणं खरंच इतकं अवघड असतं का?

हवेत अजिबात नाही. सगळी गंमत जमिनीवर आहे. पुढे चाक असलेल्या विमानात वजनाचा मध्य मुख्य चाकांच्या पुढे असतो, त्यामुळे विमान थोडं तिरकं टेकलं तरी ते आपोआप सरळ व्हायला बघतं. टेलव्हील विमानात तोच मध्य मुख्य चाकांच्या मागे असतो. शेपूट एका बाजूला सरकली की मागचं वजन तिला आणखी त्याच बाजूला ढकलतं. वेळेवर रडर (शेपटीवरची, पायांनी हलवायची उभी पाटी) दिला नाही तर विमान स्वतःभोवती गर्रकन फिरतं. यालाच ग्राउंड लूप म्हणतात. त्यात बाहेरच्या बाजूचा पंख जमिनीला घासतो, चाकाचा पाय दुमडतो, आणि नशीब वाईट असेल तर प्रोपेलरही जमिनीला लागतो.

म्हणजे इंजिन बंद होऊन विमान थांबेपर्यंत उड्डाण संपलेलं नसतं. ज्यांना हे पायांनी समजतं त्यांना ही विमानं अवघड वाटत नाहीत.

आधी शिकू की आधी विमान घेऊ?

आधी शिका. अमेरिकेत 15 एप्रिल 1991 पासून टेलव्हील विमानाचं कप्तानपद करायला इन्स्ट्रक्टरची लेखी नोंद लागते. त्याआधी ज्यांनी असे तास नोंदवले होते त्यांना सूट आहे. त्या प्रशिक्षणात साधी आणि आडव्या वाऱ्यातली टेकऑफ-लँडिंग, व्हील लँडिंग (शेपूट वर ठेवून आधी मुख्य चाकांवर टेकणं) आणि गो-अराउंड (उतरणं सोडून पुन्हा वर जाणं) येतात. तुमच्या देशाचा नियम काहीही असो, अभ्यासक्रम हाच धरा. बहुतेकांना दहाच्या आसपास तास लागतात, काहींना पंधरा.

शिकण्याचा दुसरा फायदा कमी लोक सांगतात. दहा तास दुसऱ्याच्या विमानात घालवल्यावर तुम्हाला कळतं की टाचेने दाबायचे ब्रेक तुम्हाला झेपतात का, मागच्या सीटवरून पुढचं काही न दिसणं सहन होतं का, आणि मुख्य म्हणजे हा नाद आपला आहे का. विमान घेतल्यावर हे कळणं महागात पडतं.

कुठलं मॉडेल घ्यावं?

कशासाठी घेता आहात ते आधी स्वतःशी स्पष्ट करा. 'सगळ्यासाठी' हे उत्तर नव्हे.

संध्याकाळी गवताच्या धावपट्टीवरून अर्धा तास फिरून यायचं असेल तर पायपर जे-3 कब किंवा एरोन्का चॅम्प. कब 1938 ते 1947 या काळात सुमारे वीस हजार बनले. 65 अश्वशक्तीचं कॉन्टिनेंटल इंजिन, ताशी 120 किलोमीटरच्या आसपास वेग, आणि एकटे असाल तर मागच्या सीटवरून उडवायचं. चॅम्प जवळपास तेवढ्याच वजनाचा आणि त्याच इंजिनाचा, पण त्यात वैमानिक पुढे बसतो आणि बाहेरचं नीट दिसतं. नाव आणि पिवळा रंग यांचे पैसे कबला जास्त पडतात. उडवण्याच्या दृष्टीने चॅम्प जास्त शहाणा सौदा आहे असं माझं स्पष्ट मत आहे, आणि कबवाले ते मान्य करणार नाहीत हेही ठाऊक आहे.

दोघांनी शेजारी बसून थोडं लांब जायचं असेल तर सेसना 120 किंवा 140, लस्कम 8 आणि टेलरक्राफ्ट. 140 ला फ्लॅप (उतरताना पंखामागून खाली येणाऱ्या पट्ट्या) आहेत, 120 ला नाहीत. दोन्हींचं शरीर धातूचं, पण सुरुवातीच्या विमानांचे पंख कापडी. 140ए ला मात्र पंखही धातूचे आणि स्ट्रट (पंखाला खालून टेकू देणारी दांडी) एकेकच. अनेक 120 आणि 140 च्या पंखांवर पुढे धातूचा पत्रा चढवलेला आढळतो. त्याने कापडाची कटकट जाते आणि वजन वाढतं. लस्कम चपळ आहे, पण जमिनीवर लगाम सैल सोडायची सोय नाही.

चार सीटा हव्या असतील तर सेसना 170. सहा सिलेंडरचं 145 अश्वशक्तीचं इंजिन, आणि 170बी मध्ये 40 अंशांपर्यंत उतरणारे मोठे फ्लॅप. 1956 साली आलेलं 172 याच घराण्यातलं, त्यामुळे बरेच सुटे भाग आजही सापडतात. 'चार सीटा' याचा अर्थ मात्र चार मोठी माणसं आणि पूर्ण इंधन असा घेऊ नका. पायपर पेसर हा त्याचा बुटका, आखूड पंखांचा भाऊबंद. बाजारातले बरेच पेसर मुळात नाकाखाली चाक असलेले ट्राय-पेसर होते आणि नंतर बदलले गेले. बदल मंजूर पद्धतीने आणि कागदावर झालेला असेल तर त्यात वावगं काही नाही. स्टिन्सन 108 हवेत सभ्य आणि ऐसपैस आहे, पण त्याच्या फ्रँकलिन इंजिनाचे भाग मिळवताना घाम फुटतो.

ओझं घेऊन आडवाटेच्या पट्ट्यांवर उतरायचं असेल तर सुपर कब, मॉल, सेसना 180 आणि 185. ही कामाची जनावरं आहेत आणि बहुतेकांनी खरंच काम केलेलं असतं. कसरती करायच्या असतील तर सिटाब्रिया आणि डेकॅथलॉन. पिट्स हे पहिलं टेलव्हील विमान म्हणून घेऊ नका.

माहितीपत्रकातलं वजन खरं धरावं का?

नाही. त्या विशिष्ट विमानाचा शेवटचा वजन आणि संतुलनाचा कागद मागा. तोही तराजूवर ठेवून काढलेला हवा. वर्षानुवर्षं बेरीज-वजाबाकी करत आणलेल्या आकड्याचा भरवसा नाही. सत्तर-ऐंशी वर्षांत रंगाचे थर, रेडिओ, जाड गालिचे, मोठं इंजिन असं बरंच काही चढलेलं असतं.

सेसना 140 घ्या. कमाल वजन 1450 पौंड, म्हणजे 658 किलो. आज प्रत्यक्षात वजन केलं तर रिकामं विमान 435 किलोच्या आसपास भरणं अगदी नेहमीचं. उरले 223. दोन्ही टाक्या भरल्या तर 95 लिटर, म्हणजे 68 किलो. उरले 155. सत्त्याहत्तर किलोची दोन माणसं बसली की वजन संपलं. बॅगेला जागा आहे, पण तिच्यासाठी वजन शिल्लक नाही. विक्रेत्याशी बोलण्याआधी ही वजाबाकी तुमच्या घरच्या माणसांचं खरं वजन धरून करा.

ग्राउंड लूप झालेलं विमान घ्यावं का?

उलट विचारतो: न झालेलं कुठून आणाल? सत्तर वर्षांत शेकडो शिकाऊ पाय ज्या पेडलवर पडले, ते विमान एकदाही फिरलं नसेल हे मानायला कठीण आहे. विक्रेता 'नो डॅमेज हिस्टरी' म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ बहुधा एवढाच की नोंद सापडलेली नाही. अपघात हा दोष नव्हे. तो दुरुस्त कसा केला आणि लिहिला कसा, यावर विमानाची किंमत ठरते.

लॉगबुक वाचताना 'ग्राउंड लूप' हा शब्द शोधू नका, तो क्वचितच सापडेल. एकाच महिन्यातल्या नोंदी शेजारी शेजारी ठेवून वाचा. डाव्या चाकाचा पाय बदलला, डाव्या पंखाचं टोक बदललं, डाव्या एलेरॉनला (पंखामागच्या हलत्या पट्टीला) नवं कापड, आणि प्रोपेलर 'ओव्हरहॉलसाठी' (सगळं उघडून नव्यासारखं करायला) पाठवला. कुणी काही म्हटलेलं नाही, पण काय घडलं ते समोर आहे. आता पुढचा प्रश्न: प्रोपेलर जमिनीला लागला असेल तर इंजिन उघडून क्रँकशाफ्ट तपासल्याची नोंद कुठे आहे? ती नसेल तर सौद्यातला मोठा मुद्दा तुमच्या हाती आला.

मग विमानापाशी या. चाकाचे पाय जिथे शरीराला जोडले जातात ती जागा टॉर्च घेऊन आतून बघा. सेसनात पाय ज्या पेटीत बसतात तिच्या आजूबाजूचा पत्रा सुरकुतला आहे का, रिव्हेट कलंडल्या आहेत का, एका बाजूला जादा पट्ट्या मारल्या आहेत का. पट्टी दिसली म्हणून घाबरू नका. तिची नोंद आहे का ते विचारा. ट्यूबच्या सांगाड्यात वेल्डिंगचे जोड बघा: जुन्या नळीवर नवी बाही चढवलेली चालते, नुसता वितळवलेला थापा चालत नाही. शेवटी विमानाच्या मागे दहा पावलं जाऊन उभे राहा. दोन्ही पंख सारख्या उंचीवर आहेत का, शेपूट सरळ आहे का, एक चाक दुसऱ्यापेक्षा पुढे आहे का. साध्या मोजपट्टीने शेपटीच्या खुंटापासून दोन्ही चाकांच्या आसांपर्यंतचं अंतर मोजलं तर बऱ्याच गोष्टी बाहेर येतात.

लॉगबुकं अर्धवट आहेत. सोडून देऊ?

लगेच नाही. 1940 च्या दशकातल्या विमानाची पहिली काही वर्षं हरवलेली असणं अगदी सामान्य आहे. इंजिनाची शेवटच्या ओव्हरहॉलपासूनची आणि विमानाची शेवटच्या रिस्टोरेशनपासूनची सलग नोंद मात्र असायलाच हवी. अमेरिकेत नोंदलेल्या विमानाची मोठी दुरुस्ती आणि बदल यांचे कागद ओक्लाहोमा सिटीच्या नोंदणी कार्यालयातून मागवता येतात, आणि विक्रेत्याला स्वतःला माहीत नसलेल्या गोष्टी त्यात निघतात.

ही फाइल वाचताना एका गोष्टीकडे लक्ष ठेवा. काही जुनी विमानं एका धातूच्या ओळखपट्टीभोवती नव्याने उभी केलेली असतात: पट्टी एका विमानाची, शरीर दुसऱ्याचं, पंख तिसऱ्याचे. ते बेकायदा असेलच असं नाही, पण 'मूळ' विमानाची किंमत त्याला देऊ नये.

इंजिनावर ओव्हरहॉलनंतर फक्त दोनशे तास झाले आहेत. म्हणजे उत्तमच ना?

किती वर्षांत दोनशे, ते आधी सांगा. तीन वर्षांत असतील तर छान. पंचवीस वर्षांत असतील तर ते इंजिन जास्त वेळ बसून राहिलेलं आहे, आणि विमानाच्या इंजिनाला बसणं मानवत नाही. लायकमिंग इंजिनात कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या वर असतो. इंजिन थांबलं की त्यावरचं तेल ओघळून जातं आणि तो उघडा पडून गंजतो. ए-65, सी-85, ओ-200 या छोट्या कॉन्टिनेंटलमध्ये तो खाली असतो, त्यामुळे हा धोका कमी. सिलेंडरच्या भिंती मात्र दोन्हीकडे गंजतात.

ए-65 आणि सी-85 साठी ओव्हरहॉलची शिफारस 1800 तासांची आहे, बऱ्याच लायकमिंग ओ-320 साठी 2000. लायकमिंग बारा वर्षांची मर्यादाही सांगते. खाजगी वापरात ती बंधनकारक असेलच असं नाही, पण वाटाघाटीत जरूर वापरा. दर आठवड्याला उडणारं 1100 तासांचं इंजिन मी हँगरमध्ये झोपलेल्या 200 तासांच्या इंजिनापेक्षा आधी घेईन.

शब्दांकडेही बघा. 'टॉप ओव्हरहॉल' म्हणजे फक्त सिलेंडर. आतला क्रँक, बेअरिंग, कॅम तसेच राहतात. जाहिरातीत हे दोन शब्द फार सहज एकमेकांच्या जागी येतात.

कॉम्प्रेशनचे आकडे कसे वाचायचे?

सिलेंडरमध्ये 80 पीएसआय दाबाने हवा सोडतात आणि आत किती टिकते ते बघतात. 74/80 चांगला, साठीच्या खाली गेला की प्रश्न विचारायचे. आकड्याइतकाच आवाज महत्त्वाचा. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्ब्युरेटरकडून आली तर इनटेक, तेल भरायच्या तोंडातून आली तर रिंगा. एक्झॉस्टची गळती गंभीर, रिंगांची बऱ्याचदा एका चांगल्या उड्डाणानंतर सुधारते. म्हणून चाचणी इंजिन गरम असताना करा, आणि एखादा सिलेंडर कमी आला तर उडवून पुन्हा करा. बोरस्कोप (बारीक नळीचा कॅमेरा) घालून व्हॉल्व्ह बघायला फारसा वेळ लागत नाही. विक्रेत्याने त्यालाही नाही म्हटलं तर कारण विचारा.

कापडी विमानाची भीती वाटते. कापड किती टिकतं?

हँगरमध्ये ठेवलेलं आणि नीट रंगवलेलं पॉलिएस्टर कापड वीस वर्षं आणि त्याहून जास्त टिकतं. उन्हात उभं असलेलं त्याच्या निम्म्यातही संपू शकतं. कापडाचा खरा शत्रू ऊन. त्याला थांबवतो रंगाखालचा चंदेरी थर. तो पुरेसा आहे का ते बघायची सोपी युक्ती: तपासणीच्या झाकणातून आत दिवा धरा आणि बाहेरून बघा. कापडातून उजेड झिरपत असेल तर ऊनही आत जातं.

कापसाचं जुनं ग्रेड ए कापड आता दुर्मिळ. ते नवं असताना इंचाला 80 पौंड ताण सोसतं. जास्त विंग लोडिंगच्या (पंखाच्या क्षेत्रफळावर पडणाऱ्या वजनाच्या) विमानांत ते 56 च्या खाली, आणि कबसारख्या हलक्यांत 46 च्या खाली गेलं की बदलावं लागतं. वरची बाजू तपासा, कारण ऊन तिथे पडतं. विक्रेता कौतुकाने पंखाच्या पोटावर बोट दाबून दाखवेल, त्याला काही अर्थ नाही.

नवं कापड चढवणं हे महिनोन्महिन्यांचं काम आहे आणि छोट्या विमानात त्याचा खर्च इंजिनाच्या ओव्हरहॉलच्या बरोबरीला जाऊ शकतो. शेवटचं कापड कधी चढवलं ही तारीख म्हणूनच इंजिनाच्या तासांइतकी महत्त्वाची. कापड काढलं तेव्हाचे आतल्या सांगाड्याचे फोटो असतील तर ते अवश्य मागा. चांगलं काम केलेला माणूस ते जपून ठेवतो.

पंखात लाकडी स्पार (पंखाच्या लांबीभरचे मुख्य दांडे) आहेत. ते धोक्याचे का?

कोरडं, सरळ धाग्याचं स्प्रूस लाकूड थकत नाही. धोका ओलाव्याचा आणि आपटण्याचा. पंखाचं टोक जमिनीला लागलं की स्पारमध्ये धाग्यांना आडव्या, केसासारख्या बारीक भेगा पडू शकतात, आणि त्या बाहेरून दिसत नाहीत. चॅम्पियन, सिटाब्रिया, डेकॅथलॉन या घराण्यासाठी लाकडी स्पारच्या तपासणीचा एअरवर्दिनेस डिरेक्टिव्ह (सरकारी खात्याचा सक्तीचा आदेश) त्याचसाठी आहे, क्रमांक 2000-25-02. तो पाळल्याची नोंद बघा, आणि तुमच्या मेकॅनिकला स्ट्रटच्या जोडापाशी प्लायवूडच्या कडेला आरसा आणि दिवा घेऊन स्वतः बघू द्या. अमेरिकन चॅम्पियन कंपनीने पुढे धातूचे स्पार वापरायला सुरुवात केली, आणि जुन्या विमानांवरही ते बसवलेले आढळतात.

गंज नेमका कुठे शोधायचा?

पाणी जिथे साचतं तिथे. टेलव्हील विमान नाक वर करून उभं राहतं, म्हणून पाणी मागे जातं: शरीराच्या खालच्या नळ्या, शेपटीच्या खुंटाजवळ. तिथे कापडाच्या आतून अणकुचीदार टोचा दाबून बघतात. चांगली नळी दाद देत नाही.

पंखाखालचे स्ट्रट आतून गंजतात, पाणी खालच्या टोकाला बसून. पायपरच्या अनेक मॉडेलांना म्हणूनच दर 24 महिन्यांनी ठोसा-चाचणी किंवा अल्ट्रासाउंड लावलेली आहे. बंद, सीलबंद स्ट्रट बसवले की ती कटकट संपते. विमानावर ते आधीच असतील तर त्याचे थोडे पैसे जास्त द्यायला हरकत नाही. लस्कममध्ये स्पारच्या धातूचे थर आतून सुटतात, त्यासाठी झाकणं उघडावीच लागतात. आणि 180 किंवा 185 खाऱ्या पाण्यावर फ्लोटवर उडालेलं असेल तर तपासणीचा वेळ दुप्पट धरा.

उंदरांना विसरू नका. त्यांचं मूत्र ॲल्युमिनियम आणि स्टील दोन्ही खातं. पंखाच्या आत घरटं दिसलं तर घरटं काढून भागत नाही, त्याखालचा धातू बघायचा.

शेपटीचं चाक आणि ब्रेक यांत काय बघायचं?

टेलव्हील फिरवणाऱ्या खुंटाचा कल. विमान जमिनीवर वजन टाकून उभं असताना खुंट सरळ उभा किंवा वरच्या टोकाने किंचित मागे झुकलेला हवा. पट्टीची स्प्रिंग बसली की तो वरून पुढे झुकतो, आणि मग लँडिंगमध्ये चाक इतकं थडथडतं की शेपूट सुटून येते आहे असं वाटावं. यावर उपाय स्वस्त आहे, पण दुर्लक्ष केलं तर शेपटीच्या जोडाला चिरा पडतात. 180 आणि 185 मध्ये आडव्या शेपटीचं टोक हातात धरून हलवा. तिथे ट्रिमसाठी (विमानाचा समतोल साधायला) पूर्ण शेपूट हलते, आणि झिजलेले बिजागर हाताला लगेच कळतात.

ज्या विमानांत पाय रबरी दोरांवर झुलतात, त्यांत दोरात विणलेल्या रंगीत धाग्यांवरून निर्मितीचं वर्ष कळतं. सेसना 140 आणि लस्कमवर मूळचे गुडइयर ब्रेक असतील तर भागांसाठी वणवण होईल. बहुतेकांवर क्लीव्हलँडचे बसवलेले असतात, तसं असेल तर बरं. जुन्या 120 आणि 140 वर चाकं थोडी पुढे नेणारे तुकडे दिसतील. जोराच्या ब्रेकने नाकावर जायची सवय मोडण्यासाठी ते लावत. दोन्ही टायरांची झीज सारखी आहे का तेही बघा. एक टायर एकाच कडेला झिजला असेल तर आसाचा कोन चुकला आहे, किंवा पाय वाकला आहे.

बॅटरी-स्टार्टर नसलेलं विमान घ्यावं का?

घ्यावं, पण हाताने प्रोपेलर फिरवणं कुणाकडून तरी शिकून. चाकांपुढे अडणीचे ठोकळे, शेपूट दोराने बांधलेली, आत जाणकार माणूस, आणि मॅग्नेटोत (इंजिनाला ठिणगी देणाऱ्या यंत्रात) इंपल्स कपलिंग (सुरू करताना जोरदार ठिणगी देणारी जोडणी) चालू स्थितीत. स्विच बंद आहे म्हणजे मॅग्नेटो बंद आहे असं धरून कधीही हात लावू नका, तुटलेली एक तार पुरते. स्टार्टर नसल्याने वजन आणि भानगडी दोन्ही कमी होतात. रेडिओ सक्तीच्या विमानतळावर मात्र अडचण येईल.

इंधनाचं काय?

65 अश्वशक्तीचं इंजिन तासाला सोळा-सतरा लिटर पितं, 170 चं इंजिन तीसच्या आसपास, 180 चं पंचेचाळीस ते पन्नास. छोटी कॉन्टिनेंटल मुळात कमी ऑक्टेनच्या इंधनासाठी बनली, त्यामुळे शिसं असलेल्या 100 एलएल या विमानाच्या पेट्रोलवर प्लग घाण होतात. अनेक मॉडेलांना मोटारीच्या पेट्रोलची मंजुरी मिळालेली आहे, फक्त त्यात इथेनॉल नको. मंजुरीचा कागद त्या विमानाच्या फाइलमध्ये आहे का ते पाहा.

'ताजी वार्षिक तपासणी करून देतो' असं विक्रेता म्हणतो. मग वेगळी तपासणी कशाला?

कारण ती त्याच्या मेकॅनिकने, त्याच्या पैशांवर केलेली असेल. वार्षिक तपासणी विमान उडण्यायोग्य आहे का एवढंच सांगते. ते घेण्यायोग्य आहे का, हा वेगळा प्रश्न. मेकॅनिक तुमचा हवा, विमानाशी आधी संबंध न आलेला हवा, आणि त्या मॉडेलचा जाणकार हवा. जेट सांभाळणाऱ्याला स्प्रूसच्या स्पारमधली भेग कशी दिसते हे ठाऊक असेलच असं नाही. टाइप क्लबच्या (एकाच मॉडेलच्या मालकांच्या मंडळाच्या) सभासदांकडून अशी नावं मिळतात.

क्रम असा ठेवा: आधी लॉगबुकांच्या प्रती घरी बसून वाचा, मग डिरेक्टिव्हची यादी ताळून बघा, आणि हे दोन्ही पार झालं तरच विमान उघडायला पैसे खर्च करा. अर्धी विमानं कागदावरच बाद होतात.

चाचणी उड्डाणात काय बघू?

गरम झाल्यावर तेलाचा दाब. दोन्ही मॅग्नेटोंवर आरपीएम किती घसरतो आणि दोन्हींत फरक किती. पेडल सोडल्यावर, हात सोडल्यावर विमान कुठे झुकतं. उतरल्यावर टेलव्हील थडथडतं का, ब्रेक दोन्ही बाजूंना सारखे लागतात का. लँडिंग मालकाला करू द्या आणि त्याच्या पायांकडे बघा. विमान सरळ ठेवायला त्याचा एक पाय सतत दाबलेला राहत असेल, तर चाकांची रेषा बिघडलेली असू शकते.

पैसे देताना काय काळजी घ्यायची?

मालकी खरंच त्याच माणसाच्या नावावर आहे का, त्यावर कर्जाचा बोजा आहे का, हे नोंदणी कार्यालयातून तपासा. अनेक जुन्या विमानांवर दशकांपूर्वी फिटलेल्या कर्जाची नोंद पुसायची राहून गेलेली असते. इसार (सौद्याची आगाऊ रक्कम) तिसऱ्याच्या हाती ठेवा. करारात लिहून घ्या की तपासणीत उड्डाणाला अडसर ठरणारे दोष निघाले तर ते विक्रेत्याने दुरुस्त करायचे किंवा इसार परत द्यायचा. पूर्ण पैसे आणि मूळ लॉगबुकं एकाच वेळी हात बदलतात, पुढे-मागे नाही.

विमा मिळेल का?

मिळेल, पण विमा कंपनी तुमचे एकूण तास विचारण्याआधी टेलव्हीलचे तास विचारेल. नवख्याला ठराविक तास इन्स्ट्रक्टरबरोबर उडण्याची अट सहसा घातली जाते. सौदा करण्याआधी त्या मॉडेलसाठी अंदाज मागा. 185 चा आकडा ऐकून काही जण 170 कडे वळतात.

घरी बनवलेलं विमान, किंवा अर्धवट रिस्टोरेशन?

आरव्ही मालिकेतली टेलव्हील विमानं वेगवान असूनही जमिनीवर बऱ्यापैकी सरळ वागतात. किटफॉक्सही लोकप्रिय आहे. पण इथे कारखान्याची जागा बांधणाऱ्या माणसाने घेतलेली असते, म्हणून त्याची बांधणीची वही आणि फोटो हीच तुमची मुख्य कागदपत्रं. दोनच माणसांनी तपासलेल्या इंधनाच्या नळीपेक्षा दहा वर्षं उडालेली इंधनाची नळी बरी.

सुटे भाग खोक्यांत भरलेला 'प्रोजेक्ट' मात्र उडायची इच्छा असणाऱ्याने घेऊ नये. तो विमानं दुरुस्त करायची आवड असणाऱ्यासाठी आहे. नाकापेक्षा मोती जड होतो, आणि मोती पुरा होईपर्यंत नाक परवान्याबाहेर गेलेलं असतं.

विमान घेतलं. घरी कसं आणू?

पहिल्याच दिवशी एकट्याने लांबचा पल्ला मारू नका. विमान पंधरा वर्षं वर्षाला तीन-चार तासांच्या वर उडालेलं नसेल तर आधी विक्रेत्याच्याच विमानतळाभोवती दोन-तीन तास उडा आणि प्रत्येक वेळी काउलिंग (इंजिनावरचं झाकण) काढून गळती बघा. मग त्याच मॉडेलची सवय असलेला इन्स्ट्रक्टर शेजारी घेऊन निघा. ते तास विम्याच्या अटीतही धरले जातात. इंधनाचे टप्पे लहान ठेवा: कबची टाकी 45 लिटरची आहे आणि तिचं मीटर म्हणजे बुचावर तरंगणारी तार. वाटेतल्या प्रत्येक विमानतळाला वाऱ्याकडे तोंड असलेली किंवा गवताची पट्टी आहे का ते आधी शोधून ठेवा. आडवा वारा तुमच्या शिकलेल्या मर्यादेच्या वर असेल तर त्या गावात मुक्काम करा, आणि निघताना विमान कुठे बांधून ठेवता येईल ते फोनवर विचारून घ्या.